जनरेटरवाले मोहितेकाका

लाइट गेली की पडाव बाजारातल्या आमच्या तीन मजली दुकानांच्या इमारतीत एकच ओरडा व्हायचा, "काका, जनरेटर!" मोहितेकाका जिन्याखालच्या खोलीतून उठायचे, मागच्या बोळातल्या जनरेटरचं हँडल मारायचे आणि धुरानं खोकत तिन्ही मजले चढून प्रत्येक दारात विचारायचे, "आली ना?" दिवे लागलेले समोर दिसत असले तरी विचारायचे. मी दातांची डॉक्टर. पेशंट तोंड वासून बसलेला आणि मशीन बंद, त्यामुळे सगळ्यांत मोठा आवाज माझाच.

काका वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. "आमचे आजोबा फौजेत घोड्यावर चढले, मी खांबावर," असं म्हणायचे. दम्यानं बेजार झाले होते आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती, त्या जनरेटरपासून सुटका. छतावर सोलर बसवायचं त्यांनीच आमच्या डोक्यात घातलं. त्यासाठी दोन वर्षं दारोदार फिरले.

अखेर मीटिंग झाली. कोणीतरी म्हणालं, खर्च फार होतोय, बॅटऱ्या नंतर बघू. काका उठले.

"अहो, बॅटरी नसली तर लाइट गेल्यावर सोलरपण बंद होणार. तारेवर कोणी बिचारा काम करत असला आणि आपल्या छतावरून त्याला करंट गेला, तर? म्हणून ते आपोआप बंद होतं."

कोण ऐकतो! ऊन आहे तोवर वीज आहे, एवढी साधी गोष्ट म्हाताऱ्याला कळत नाही, असं आम्हाला वाटलं. बॅटऱ्या नकोत म्हणून जे हात वर झाले, त्यांत माझाही होता.

पॅनल बसले आणि मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली. छतावर ऊन रणरणतंय आणि खाली अंधार. तळमजल्यावरचा कापडवाला ओरडला, "काका, ये पैनल क्या आरती उतारने को लगवाए हैं?" काका मागच्या बोळात गेले. हँडल मारून वर आले आणि माझ्या दाराची चौकट धरून उभे राहिले.

"आली ना, डॉक्टरबाई?"

"आली. काका, बसा जरा."

"बसलो तर उठवणार नाही. आता माझ्याकडून नाही होत. मी तर सांगितलं होतं ना?"

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. तरी रोज सकाळी ते ओल्या फडक्यानं पॅनल पुसतच राहिले. "धूळ बसली तर सूरज तरी काय करेल?"

दिवाळीच्या आधी काका गेले. हँडल मारायला दुसरं कोणी तयार होईना, तेव्हा कुठे आम्हाला बॅटऱ्या परवडल्या. याची मला अजून लाज वाटते.

परवा दाढ कोरत असताना लाइट गेली. मशीन थांबलं नाही, पेशंटला कळलंसुद्धा नाही. समोरच्या इमारतीतले दिवे विझले, म्हणून मला समजलं. मीच मशीन बंद केलं आणि जिन्याकडे कान लावून बसले.

"गेलीच नाही, काका," मी म्हणाले.

पेशंट तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिला.