भरल्या गाडीचं माप

जोगेश्वरीच्या टायरवाल्याने मला फसवलं आणि मी दाजींना फसवलं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कोणाला शंका नको.

दाजी माझे ड्रायव्हर. मूळचे मालवणकडचे, गिरणी सुटल्यावर स्टिअरिंग धरलेले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मला 'शेट' म्हणायचे, पण अरेतुरेनेच. हातगाडी ओढून मी पिकअप घेतली होती, तेव्हा शेट ऐकायला बरं वाटायचं. त्यातली थट्टा कळायला वेळ लागला.

टायर घेताना त्यांची एक पद्धत होती. आधी एकच टायर चढवायचा. मग रिकामी गाडी बघायचीच नाही. हौद्यात माल भरायचा, माल नसेल तर आजूबाजूच्या कारखान्यांतली सहा-सात माणसं हाक मारून वर उभी करायची, त्यांना जरा नाचायला लावायचं, आणि टायर आणि मडगार्डाच्या मधे हात घालायचा. एकावर एक चार बोटं जायला हवीत. तीनच गेली तर टायर परत. "रिकामी गाडी काय, कशीय दिसता," म्हणायचे. "भरल्यावर खरी कळता."

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा गाड्या उंच करायची हौस आली होती. मोठ्या गाडीचे टायर बसवायचे आणि ते घासू नयेत म्हणून चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटे घालून गाडीच वर उचलायची. माल जास्त बसतो, रुबाबही दिसतो. मलाही तेच हवं होतं. दाजी ऐकेनात. "शेट, टायर गाडयेक बघून घेवचो. गाडी टायराक बघून उचलूची नाय. उंच केलंस तर वळणावर झुकतली. कपाटां रस्त्यावर, आणि तू नि मी कपाटांखाली." आम्ही लोखंडी कपाटं वाहायचो.

मी चिडायचो. भर बाजारात आवाज चढवायचो. ते शांतपणे तपकीर ओढायचे आणि म्हणायचे, "तू भेंडी मोडून बघितल्याशिवाय घेतंस? मग माका का वराडतंस?" भेंडी मी मोडूनच घ्यायचो.

नवरात्रात दाजींना ताप भरला. मागचे दोन टायर गुळगुळीत झाले होते आणि दसऱ्यानंतर लगेच घाटकोपरची मोठी ऑर्डर होती. मी एकटाच जोगेश्वरीला गेलो. दोन तास घासाघीस केली. दोनदा दुकानातून उठून निघालो, दोनदा त्याने परत बोलावलं. टायरच्या कडेचा मापाचा आकडा घासलेला होता आणि वर काळं पॉलिश मारलेलं. मी विचारलं. तो म्हणाला, "तुमच्याच मापाचा आहे हो. नवा आहे म्हणून भरलेला दिसतो. पाटा नको, काही नको, आहे तशा गाडीला बसवा." शेवटी भाव माझ्या आकड्यावर आला. त्या खुशीत मी दोन्ही टायर तिथेच चढवून घेतले. भार टाकून बघितलं नाही. माणसं कुठून गोळा करणार, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे दाजींशिवायही मला जमतं, हे मला दाखवायचं होतं.

दसऱ्याला दाजी आले तेव्हा पूजा होऊन गेली होती. गाडीला हार, चाकांना हळदकुंकू. पूजेच्या दिवशी ते गाडीला कामाचा हात लावत नसत. चाकाजवळ उकिडवे बसले, नमस्कार केला, मग टायरकडे बघत राहिले.

"मोठो दिसता रे."

"नवा आहे, दाजी."

"भार घालून बघितलंस? किती बोटां रवली?"

"चार," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि आपटा माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी कपाटं भरून निघालो. मी शेजारीच बसलो होतो. अंधेरी सोडेपर्यंत ठीक होतं. साकीनाक्याच्या अलीकडे खड्ड्यात गाडी आपटली की मागून खरखर यायला लागली, मग जळक्या रबराचा वास. दाजींनी गाडी कडेला घेतली आणि उतरले. मी खिडकीतून म्हणालो, "दाजी, चला, गिऱ्हाईक थांबलंय." ते वाकले आणि सवयीने मधे हात घातला. तेवढ्यात घासून झिजलेला टायर फुटला. त्या दणक्याने त्यांचा हात मडगार्डाच्या पत्र्यावर आदळला. उजवा. दोन बोटं तिथेच गेली, मनगट पुढे कधी वळलंच नाही.

इस्पितळात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. ते म्हणाले, "माझीच चूक, शेट. विचारून भागणा नाय. हात घालूनच बघूक व्हयो होतो." मी त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. काकी, म्हणजे दाजींची बायको, दारात पेज घेऊन उभ्या होत्या. मी उठून त्यांच्या हातातलं पेजेचं भांडं घेतलं.

टायरवाल्याकडे मी भांडायला गेलो. तो म्हणाला, "तुम्ही भाव मागितलात, त्या भावाचा माल दिला. माझ्याकडे का येता?" चार माणसांनी मला धरलं, नाहीतर मी त्याला सोडला नसता.

दाजी गावी गेले. एसटीत बसताना त्यांनी डाव्या हाताने निरोप दिला. पुन्हा स्टिअरिंगला हात लागला नाही. घरात बसून राहायचे, असं काकींनी कळवलं. दोन पावसाळ्यांनी गेले. दिवसकार्याला गेलो तेव्हा मी काकींना त्या 'चार'ची गोष्ट सांगितली. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तेंका म्हायत होता. पण तू आपणहून सांगशीत म्हणून वाट बघत होते."

ते वाट बघत असताना मी चारकोपात कपाटं वाहत होतो.

टायरवाल्याचं आता मुलुंडला मोठं दुकान आहे, काचेचं. हे वाचणाऱ्यांत त्याच्या ओळखीचे असतील. त्याला दाखवा. माझं खोटं मी काकींसमोर बसून कबूल केलं, इथेही लिहून दिलं. कडेचा आकडा कोणी घासला, पॉलिश कोणी मारलं, आणि आहे तशा गाडीला बसवा असं कोणत्या तोंडाने सांगितलं, ते त्याने मालवणात जाऊन काकींच्या समोर बसून सांगावं. मला सांगू नये. मला ते माहीत आहे.