‘हो माणूस दारूडो होतो’ म्हणणारे आमचे फादर कायतान

माझ्या बापाच्या मयताला भर चर्चमध्ये ‘हो माणूस दारूडो होतो’ असं ज्यांनी सांगितलं, ते फादर कायतान आज पहाटे गेले.

आणि मी सकाळपासून रडतेय.

मी इथे कधी काही लिहीत नाही. माझ्या वॉलवर शाळेच्या गॅदरिंगचे फोटो आणि लोकांच्या वाढदिवसाचे केक, एवढंच. पण आज लिहिणार. लांब वाटलं तर सोडून द्या.

फादर आमच्या गावात आले तेव्हा मी कॉलेजात होते. माणूस भयंकर तापट! चर्चमध्ये शेरमांव, म्हणजे प्रवचन, सुरू झालं की आमचे पुरुष हळूच बाहेर आंब्याखाली जाऊन बिडी ओढायचे. पिढ्यान् पिढ्यांची पद्धत.

दुसऱ्याच रविवारी फादर झगा सावरत त्यांच्या मागोमाग बाहेर. उरलेला शेरमांव आंब्याखाली.

“बिडी विझवू नको रे. कान उघडे ठेय, म्हंजे झाला.”

एकदा नव्या होडीला आशीर्वाद द्यायला बोलावलं होतं. मालकाने विचारलं, “फादर, मासळी गावतली मा?”

“दर्या माझो काय रे? ज्याचो आसा त्याका इचार. मी फकत पाणी शिंपडतंय.”

मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

माझे पप्पा तर आंब्यापर्यंतसुद्धा यायचे नाहीत. ते कुठे असायचे ते कट्टा गावच्या बाजारात कोणालाही विचारा. मी आणि मांय कितीतरी वेळा रिक्षा करून त्यांना घरी आणलंय. शुद्धीत असले की देवमाणूस, पण शुद्धीत असायचे किती?

दारूनेच गेले. शेवटी चर्चची पायरी चढून वर्षं झाली होती.

पेटी अजून ओटीवर होती आणि शेजारची तेरेजमावशी बायकांत बसून म्हणाली, “आता ह्याका खंयचो सर्ग?”

हळू म्हणाली, पण मांयने ऐकलं. त्यानंतर मांयने पाण्याचा घोटही घेतला नाही. नवरा गेल्याचं दुःख एका बाजूला. तो कुठे गेला, हा घोर त्याहून मोठा. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनाच कळेल.

चर्चच्या दारात तिने फादरना गाठलं. “फादर, ह्येंच्यासाठी चार बरे शब्द बोला.”

“मी आल्तारावर खोटा बोलूचंय नाय गो, रोझाबाय.”

एवढं बोलून आत वेदीकडे निघून गेले! माझं डोकंच फिरलं.

आणि शेरमांव सुरू झाला तो असा.

“ह्याका तुमी सगळे वळखतात. हो माणूस दारूडो होतो.”

मी उठून चालू पडणार होते. मांयने माझा हात घट्ट धरून ठेवला.

“सकाळपासून आयकतंय, ह्याका सर्ग गावतलो काय म्हणान. आता माका सांगा, तुमच्यातलो कोण आपल्या कमायेवर सर्गात जातलो? हात वर करा.”

कोणी हलेना.

“करा, करा. मी थांबतंय.”

खरंच थांबले हो! एकही हात वर नाही. रोज दोनदा जपमाळ ओढणाऱ्या तेरेजमावशीचाही नाही.

“माझो पण नाय. मगे ह्याच्यासाठीच वेगळो कायदो कित्याक? दारू ह्याच्या हातातसून सुटली नाय, ह्या खरा. पण हो देवाच्या हातातसून सुटलो, ह्या तुमका कोणी सांगितल्यान? देवाक ह्याका घेवचो आसलो तर तो तुमका विचारूक येवचो नाय. माका पण नाय.”

बस्स. खाली उतरले.

घरी आल्यावर मांयने पेज मागितली. पोटभर जेवली. मी मात्र अजून धुमसत होते. म्हटलं, तुला राग नाही आला?

“फादर गोड बोलले आसते तर माका कळला आसता, ह्ये माझी समजूत घालतत. दारूडो म्हणाले मा, म्हणान पुढचा पण खरा वाटला.”

त्या रात्री ती शांत झोपली. मला कळायला आणखी काही वर्षं लागली.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी गोव्याला, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या घरात, फादरना भेटायला गेलो. केवढा दणकट माणूस, चादरीखाली दिसत नव्हता. तिथली सिस्टर प्रेमाने म्हणाली, “फादर, तुम्ही एवढी सेवा केलीत, तुमची जागा पक्की आहे.”

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ती गेल्यावर मांयला म्हणाले, “रोझाबाय, माका भंय वाटता गो. लोकांका सांगी तेव्हा सोपा होता.”

मांयने स्टूल जवळ ओढलं.

“फादर, तुमी तापट. तुमी हट्टी. माझ्या जावयाक भर बाजारात झापलात. तुमच्या कमायेवर तुमी काय जावचात नाय.”

मी म्हटलं, मांय! गप ना!

“तू गप. फादर, देवान माझ्या दारूड्या घोवाक घेतलान मा? मगे तुमका काय दारात उभे करून ठेयतलो?”

फादर हसायला लागले. हसता हसता खोकला आला, मग रडू आलं. मांयने पदराने त्यांचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं.

“शेरमांव बरो झालो गो,” ते म्हणाले.

आज पहाटे फोन आला तेव्हा मांय देवासमोर बसली होती. मी सांगितलं. ती रडली नाही.

“पोचले,” म्हणाली, आणि उद्याच्या मयताच्या मिसासाठी साडी काढायला उठली.

जावा फादर. खूप आठवण येईल तुमची. पप्पांना आमचा नमस्कार सांगा.