दंतवैद्याशेजारचा बाक

कुंभकोणम्जवळच्या साक्कोट्टैची जयश्री पट्टू म्हणजे रेशमी साड्यांच्या दुकानात घड्या घालते. गिऱ्हाईक पन्नास साड्या उलगडून एकही न घेता उठतं. त्या पन्नास पुन्हा काठाला काठ जुळवून फळीवर चढवायच्या, हेच ती एकोणीस वर्षं करते आहे. नवरा मस्कतला. त्यामुळे घरात हुकूम चालतो थोरल्या दिराचा, अप्पाजींचा. आमच्या मराठी संघाचे हे चिटणीस. खांद्यावर जरीचं उपरणं आणि तोंडात सदोदित तंजावरचा दरबार. दरबार उठून दीडशेच्या वर वर्षं झाली, पण ह्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही.

जयश्रीची मुलगी दिव्यश्री सोळा वर्षांची, अकरावीत. जुलैपासून रोज सकाळी गणवेश घातला की उलटी. शाळेच्या फाटकापर्यंत जायची नि माघारी यायची. मग खोलीबाहेर येणं बंद. मग बोलणंही बंद. झालं होतं तरी काय, असं लोक मला अजून विचारतात. ते तिचं ती जाणे. तुम्हाला बातमी हवी आहे. तिला मदत हवी होती.

जयश्री आधी शाळेत गेली. शाळेत समुपदेशक आहे, भिंतीवरच्या फलकावर तसं नावच रंगवलंय. ते नाव निघालं पीटी मास्तरचं. त्याने शिट्टी बोटाला गुंडाळत निदान केलं, "घरी लाड फार झालेत, अम्मा. मैदानाला दहा फेऱ्या मारू द्या. डोकं ताळ्यावर येतं."

सरकारी इस्पितळात दर गुरुवारी लहान-मोठ्या मुलांशी मनाच्या दुखण्यावर बोलणारी बाई बसते, हे जयश्रीला मी, तिच्या शेजारणीने, सांगितलं. त्या खोलीत पंखा बसावा म्हणून चार अर्ज मीच खरडले होते. अप्पाजींच्या कानावर गेलं आणि म्हातारा कडाडला.

"सरकारी बाकावर आपली पोर? शेजारी दंतवैद्य! सारं कुंभकोणम् तिथे दाढ धरून बसलेलं असतं. उद्या तिजला कोण करून घेईल?"

पोरीच्या पोटात अन्न ठरत नव्हतं आणि ह्यांचा डोळा लग्नाच्या मांडवावर.

मग त्यांना मोठी अक्कल सुचली. पुण्याची बाई. व्हिडिओवर बोलते. भाषा आपलीच, शिवाय पुण्याची गोष्ट कुंभकोणम्च्या बाजारात पोचत नाही. घराण्याची लाजही राखली आणि मराठीची शानही! असला शहाणपणा आमच्याच लोकांना सुचायचा.

देवघरात लॅपटॉप मांडला. कॅमेऱ्यासमोर दिव्यश्री, डावीकडे जयश्री, उजवीकडे उपरणं सावरून स्वतः अप्पाजी. मुलीचं मन मोकळं करायचं होतं म्हणे; करायला सभा भरवली. पुण्याची बाई काय बोलत होती त्यातलं अर्धंमुर्धं पोरीला कळत होतं. बाई भरभर बोलायची, मधेच हसायची. तिने विचारलं, "तुला नेमकं काय होतं गं?"

मग दिव्यश्री खाली बघत म्हणाली, "मजला झोप येत नाही. मजला भय वाटतं."

तीन आठवड्यांत पोर पहिल्यांदा बोलली होती. आणि ती बाई टाळ्या पिटत किंचाळली, "अय्या, 'मजला'! किती गोड! अगदी जुनी बखर ऐकतेय असं वाटतं. परत एकदा म्हण ना!"

दिव्यश्रीने ओठ मिटले ते मिटलेच. उरलेला अर्धा तास अप्पाजींनी त्या बाईला आमचे पूर्वज कसे आले ते सांगितलं. उठताना छाती फुगवून म्हणाले, "पाहिलंस, जयश्री? पुण्याची बाई आपल्या भाषेवर खूश झाली."

"माझी पोर रडत्ये, भावोजी," जयश्री म्हणाली.

"होईल हळूहळू."

पुढचे दोन दिवस दिव्यश्रीने पाण्याखेरीज काही घेतलं नाही. गुरुवार उजाडला तशी जयश्रीने दुकानाला फोन केला, येत नाही म्हणाली, पोरीला धरून रिक्षात घातलं, मला सोबत घेतलं आणि इस्पितळात जाऊन बाकावर बसली. तासाभरात अप्पाजी स्कूटरवरून हजर. संघाचा कुणी चोंबडा सभासद दाढ दाखवायला आला होता, त्याने फोन केला असणार.

ओळखीची चार तोंडं पाहून अप्पाजींनी आवाज मधाळ केला. "काय गं, दात दुखतो का दिव्याचा?"

जयश्रीने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पळवाट आयती होती.

"दात नाही, भावोजी. मन दुखतं. मनाच्या बाईंकडे आल्यों. संघाच्या पाटीवर लिहा, सगळ्यांना एकदमच कळेल."

दाढ धरलेला एक जण दाढ विसरून बघत राहिला. अप्पाजी पुटपुटले, "लाज सोडलीस." मग उपरणं झटकून गेले. गेले ते बरं झालं. मी तिथेच उभी होते आणि माझी जीभ म्हाताऱ्या-कोताऱ्याला ओळखत नाही.

आतल्या बाईचं नाव धनलक्ष्मी. तिने दारात येऊन दिव्यश्रीला आत बोलावलं. जयश्रीही उठली, तर तिला हाताने थांबवलं. "तुम्ही बाहेर, अम्मा. आधी ती." दार लागलं. आतून आधी धनलक्ष्मीचं तमिळ ऐकू येत होतं. मग दिव्यश्रीचं तमिळ. आधी अडखळत, मग सलग. शाळा, मैत्रिणी, फोनवरचे निरोप, तिचं सगळं जगच तमिळमध्ये. भीतीही त्याच भाषेतली असणार. घरची मराठी जेवायला बसण्याची आणि बोलणी खाण्याची. शब्द कळू नयेत म्हणून मी जयश्रीला ओढून पलीकडच्या खांबापाशी नेलं. ती यायला तयार नव्हती.

पाऊण तासाने पोर बाहेर आली. डोळे सुजलेले. जयश्रीच्या ओठांवर प्रश्न आला होता. मी डोळे वटारले.

"अम्मा," दिव्यश्री म्हणाली, "पुढच्या गुरुवारीही मी एकटीच आत जाईन. काय बोलल्यें ते विचारू नक्को."

पोटच्या पोरीने दार लावून घेतलं, हे अप्पाजींच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं, असं जयश्रीने मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र तिने एवढंच विचारलं, "किती वाजता यायचं?"