हृदय पुन्हा सुरू होतं तेव्हा

संपदा गाझियाबादच्या एका हॉस्पिटलात हार्ट-लंग मशीन चालवते. ऑपरेशनसाठी हृदय थांबवलं की पेशंटचं रक्त तिच्या मशीनमधून फिरतं आणि माणूस जिवंत राहतो. हे काम तिला आता सवयीचं झालं होतं. मग तिच्या वडिलांचंच ऑपरेशन ठरलं.

पद्माकर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. देव मानत नसत. आई, शालिनी, मात्र आदल्या दिवसापासून जप करत बसली होती.

"मशीनवर तूच बस," ते संपदाला म्हणाले. "माझा भरवसा तुझ्यावर आणि त्या पंपावर आहे."

सिनिअर शेजारी उभे राहणार होते, म्हणून ती तयार झाली.

हृदय थांबवणारं औषध गेलं आणि बाबांचं हृदय थांबलं. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली. त्यांचं गडद रक्त पाइपातून तिच्याकडे येत होतं, लाल होऊन परत जात होतं. ती फक्त आकड्यांकडे बघत राहिली.

हृदयाची बिघडलेली झडप बदलून झाली. सर्जननी मुख्य रक्तवाहिनीवरचा चिमटा, क्लॅम्प, काढला आणि कोमट रक्त हृदयात शिरलं. हृदय हललं नाही.

"रुको, देखते हैं," सर्जन म्हणाले.

मग हृदयाच्या कडेला एक बारीक थरथर उठली. क्षणभर विरली. पुन्हा उठली, आणि अख्खं हृदय आकसलं. कुणी हातही लावला नव्हता. औषध धुऊन गेलं की पेशी आपोआप चेततात, हे संपदाला पाठ होतं. तरी तिच्या अंगावर काटा आला.

चार-पाच दिवसांनी वॉर्डात बाबांनी विचारलं, "हृदय बंद होतं, तेव्हा मी कुठे होतो गं?"

"तुमचं रक्त माझ्याकडे होतं, बाबा. तुम्ही कुठे होतात, ते मला नाही माहीत."

"पुस्तकात काय लिहिलंय?"

"हृदय कसं सुरू होतं, ते लिहिलंय. मी ते डोळ्यांनी पाहिलं. पण पाहताना मला पुस्तक आठवलंच नाही."

त्यांनी तिच्या गळ्यातला स्टेथोस्कोप मागून घेतला आणि स्वतःचे ठोके ऐकत राहिले. शेवटी नळ्या पलंगाशेजारी बसलेल्या शालिनीच्या कानांत घातल्या.

ऐकता ऐकता तिने डोळे मिटून हात जोडले. एरवी ते तिच्या हात जोडण्याची थट्टा करायचे. आज त्यांनी स्टेथोस्कोपची चकती छातीवर तशीच धरून ठेवली, तिचं ऐकून होईपर्यंत.