साडूंच्या वाटणीचा धबधबा

फुकटात पाहता येत नाही ती गोष्ट पाहण्यालायकच नसते, असं मनापासून मानणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच असावा, आणि दैवयोगानं तो माझा थोरला साडू आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत आयुष्य काढून आता ते उचगावात निवृत्तीचं सुख भोगतात. भोगतात म्हणजे त्यातलंही निम्मं मागं टाकतात. देवळात गेले तर चपला स्टँडवर ठेवणार नाहीत. सगळ्यांच्या चपला राखत स्वतः बाहेर पायरीवर बसतील. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, दोघांच्या वतीनं दर्शन घेते आणि येताना ओंजळीत तीर्थ आणते. "घ्या, तुमच्या वाटणीचं," म्हणते. साडू ते प्राशन करतात, ओली बोटं डोळ्यांना लावतात आणि देवाला बाहेरचं दिसत नाही का, असं मलाच विचारतात.

लग्न झाल्यावर अक्कानं आयुष्यातला एकच हट्ट धरला होता. दोघांनी मिळून एकदा धबधब्याखाली उभं राहायचं. साडूंनी तो पुरवलाही, पण भर उन्हाळ्यात, कारण पावसाळ्यात गगनबावड्याकडं गर्दी फार आणि लॉजवाले माजतात. कोरड्या कातळाकडं बोट करून ते म्हणाले, "पाणी हितनं पडतंय. ध्यानात ठेव." पुढंही त्यांनी तिला वरचेवर सहली घडवल्या आणि दर वेळी नवा कोरडा कातळ दाखवला. नुसता दगड पाहून पाण्याचा अंदाज बांधण्यात अक्का इतकी तरबेज झाली, की सरकारनं तिला पाटबंधारे खात्यात घ्यायला हरकत नव्हती. हट्ट मात्र तिनं सोडला नाही.

आम्ही चौघांनी बालीला जायचं ठरवलं तेव्हा स्वस्तातला महिना शोधायचं काम साडूंनी आपल्याकडं घेतलं. जानेवारी सरता सरता सगळंच पडत्या भावात मिळतं म्हटल्यावर ते हरखले. का मिळतं, ते विचारायची गरज त्यांना वाटली नाही. आपल्याकडं तेव्हा आभाळ कोरडं, म्हणजे साऱ्या दुनियेत कोरडं. विमानातून उतरलो ते थेट धो धो पावसात. काटकसरीनं साडूंना जन्मात पहिल्यांदा दगा दिला होता, आणि अक्काचा चेहरा उजळला होता.

धबधबे बघायच्या दिवशी टॅक्सी अर्थातच नव्हती. भाड्याच्या दोन स्कूटर, शिदोरीला घरनं आणलेल्या दशम्या आणि भडंग. कातडं भिजू नये म्हणून चौघांच्या कोल्हापुरी चपला एका पिशवीत बांधलेल्या आणि आम्ही अनवाणी, देवाला निघाल्यासारखे. पहिला धबधबा पाणी फार झालं म्हणून बंद होता. दुसऱ्याला वाटाड्या घेतल्याशिवाय सोडत नव्हते, तेव्हा साडूंनी तो रस्त्याच्या वळणावरनं दाखवला. सुई ओवता येईल एवढा दिसत होता.

तिसऱ्याचा आवाज फाटकापाशीच येत होता. मी पाकीट काढलं तर साडूंनी मनगट धरलं. "पावणं, थोरला मी हाय. हात आत घाला." दुसऱ्यासाठी खर्च करताना त्यांचा हात कधी आखडलेला मी पाहिला नाही; उपासमार सगळी स्वतःपुरती. त्यांनी तिकिटं आणली ती तीनच. ते म्हणे चपला राखत बसणार होते. त्या परमुलखात आमच्या चपला पळवणार कोण होतं, देव जाणे.

"तुमी येणार न्हाईसा, तर मला काय करायचाय त्यो धबधबा?" अक्का म्हणाली.

"जा की," पिशवी मांडीवर घेत साडू म्हणाले. "ह्या खेपेला पाणी हाय."

अक्का खाली गेली आणि लुगड्यासकट थेट धारेखाली उभी राहिली. हसत होती की रडत होती, पाण्यात कळत नव्हतं. मग तिनं ओंजळ भरली आणि तशीच पायऱ्या चढायला लागली. निम्म्या वाटेतच ओंजळ रिती झाली. तरी ती थांबली नाही. वर जाऊन साडूंच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिनं ओला पदर त्यांच्या डोक्यावर पिळला.

"घ्या, तुमच्या वाटणीचं."

साडू पिशवी पोटाशी धरून डोळे मिटून बसले होते. पाणी मानेवरनं आत गेलं तरी त्यांनी पुसलं नाही. "लई गार हाय," एवढंच म्हणाले. मला त्यांचा सणसणीत राग आला होता, तरी त्यांना पुसायला काढलेला रुमाल मी परत खिशात घातला.

हल्ली अक्काच्या गुडघ्यांना देवळातली रांग सोसत नाही. परवा गेलो तेव्हा साडूंनी तिला बाहेर पायरीवर बसवलं, चपला तिच्या हवाली केल्या आणि स्वतः आत गेले. बऱ्याच वेळानं गर्दीला कोपरानं आवरत, ओंजळ सांभाळत आले. येईपर्यंत हातात थेंबही उरला नव्हता. त्यांनी ओली बोटंच तिच्या डोळ्यांना लावली.

"एवढंच?" अक्कानं विचारलं.

"व्हय," साडू म्हणाले. "मला कुठं पदर हाय?"