माळकऱ्याची शिफारस

परवा पाहुण्यांसाठी बाटली घ्यायला बारामतीतल्या एका नव्या, झगझगीत वाईन शॉपात गेलो होतो. काचेचे दरवाजे, आत गारवा, आणि काही बाटल्यांच्या गळ्यात छापील चिठ्ठ्या: ‘आमच्या सहकाऱ्यांची या महिन्याची पसंती.’ खाली जांभळाचा, लाकडाचा, आणखी कसकसल्या वासांचा उल्लेख. चिठ्ठ्या गुळगुळीत होत्या, हस्ताक्षर कुणाचंच नव्हतं. तेवढ्यात मागच्या दारानं कुणीतरी खोकी आत आणली आणि ओलसर पुठ्ठ्याचा वास आला. त्यासरशी मी हातातली बाटली जागेवर ठेवली आणि रिकामाच बाहेर पडलो. वासाला कडी-कुलूप नसतं. तो माणसाला नको तिथं नेऊन सोडतो आणि स्वतः निघून जातो.

नव्वदच्या दशकात मी भिगवण रस्त्यावरच्या एका वाईन शॉपात विक्रेता होतो. नाव वाईन शॉप, पण वाईन विचारणारं गिऱ्हाईक आठवड्याला एखादं. बाकीचे क्वार्टर मागत, कागदात गुंडाळून घेत आणि ओळखीचं कुणी दिसायच्या आत सटकत. वाईनच्या बाटल्या आम्ही शोभेसाठी दर्शनी काचेत मांडल्या होत्या. दुपारचं ऊन थेट त्यांच्या अंगावर यायचं, आणि त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. उलट उन्हात तो लाल रंग काय खुलायचा! मालकांनी पुण्यात कुठंतरी पाहून एक टूम काढली होती. महिन्याच्या सुरुवातीला काचेतल्या दोन-तीन बाटल्या उघडायच्या, आम्ही तिघांनी त्या चाखायच्या आणि आपापली आवड खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून फळीला टांगायची.

तिघांत एक मी, बी.कॉम. झालेला, अक्षर बरं म्हणून सगळ्यांचा लेखनिक. दुसरा भिगवणचा, उजनीच्या मासळीवर पोसलेला गडी. त्याच्या चिठ्ठीवर कायम दोनच शब्द, ‘गोड आहे.’ आणि तिसरे तात्या. कळस गावचे, साठीला टेकलेले. आजा-पणजांनी मेंढरं राखली, तात्यांच्या वाट्याला थोडं कोरडवाहू रान आणि ही नोकरी आली. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. “पोटाला माळ नसती,” असं म्हणून ते दुकानात उभे राहायचे. चाखायची वेळ आली की चहाच्या ग्लासात वाईन घ्यायचे, डोळे मिटायचे आणि नुसती हुंगायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायचो. “लिव, हिला पाऊस उघडल्यावर वाळत घातलेल्या घोंगडीचा वास हाय.” “हिच्यात पिकली बोरं हायती, पर काट्यासकट.” मला सगळीच वाईन आंबट लागायची. तात्यांनी सांगितलं की मात्र त्याच आंबटपणात मला घोंगडी सापडायची, बोरं सापडायची. इंदापूरचे एक निवृत्त गुरुजी तर केवळ तात्यांची चिठ्ठी पाहून बाटली न्यायचे. “पिणारा सगळ्यालाच छान म्हणतो. माळकऱ्याचा शब्द खरा,” असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी फळ्या पुसताना तात्यांचा हात झरझर चालायचा.

एका हिवाळ्यात तात्या तापानं पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. ताप गेला, पण जाताना नाकाचं सगळं सुख घेऊन गेला. शेजारी बोंबील भाजले तरी त्यांना पत्ता लागेना. त्या महिन्याला ते ग्लास नाकाशी धरून बराच वेळ बसले. ग्लास बदलला, पुन्हा बसले. शेवटी तो खाली ठेवून म्हणाले, “लिव. या म्हैन्यात माज्या नाकाला कायबी कळंना. माज्या सांगण्यावर कुणी घिऊ नगा.”

माझा हात थांबला. म्हाताऱ्याला आता गोदामात खोकी लावायला धाडावं, असं मालक मागं एकदा बोलले होते. नाकाचा उपयोग होतो म्हणूनच त्यांनी तात्यांना काउंटरवर ठेवलं होतं. ही चिठ्ठी टांगली की तात्यांची जागा गेली. मी लिहिलं, ‘पाऊस उघडल्यावरच्या घोंगडीचा वास. जरूर घ्या.’

“मी म्हणलो तसंच लिवलंस न्हवं?” त्यांनी विचारलं.

“व्हय तात्या,” मी म्हणालो.

त्यांनी ती स्वतःच्या हातानं टांगली. भिगवणच्या गड्यानं वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि आपली ‘गोड आहे’ तिच्या शेजारी टांगली. आपण लोकांना खरं ते सांगून टाकलं, या समाधानात तात्या त्या खोट्याशेजारी ताठ उभे राहत. मला वाटत होतं, मी त्यांच्यावर उपकार केलाय.

गुरुजी आले तेव्हा तात्या जेवायला गेले होते. गुरुजींनी चिठ्ठी वाचली, बाटली मागितली आणि मी ती उन्हातल्या काचेतून काढून कागदात गुंडाळून दिली. त्या वेळी एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. चार दिवसांनी ते ती उघडलेली बाटली घेऊन परत आले. रागावलेले नव्हते, ओशाळलेले होते. “तात्या, लेकीच्या सासरची माणसं आली होती. तुमचं नाव सांगून त्यांच्यापुढं ग्लास ठेवले. पार आंबलेली निघाली हो.”

तात्या गोंधळले. “गुरुजी, म्या तर घिऊ नगा म्हणून लिवलंय की हितं!”

गुरुजींनी चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. तात्यांचा हात नकळत गळ्यातल्या माळेकडं गेला.

गुरुजी गेल्यावर तात्यांनी काउंटरखालून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढला. आजवरच्या त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. “वाच,” ते म्हणाले. मी एकेक वाचत गेलो. घोंगडी, बोरं, नांगरट झालेलं रान, शेळीच्या दुधावरची साय. वाईन हुंगताना मिटायचे तसेच डोळे मिटून ते ऐकत होते. शेवटची झाली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “ह्या मी सांगितलेल्या, का तूच रचलेल्या? आता मला कसं कळायचं?”

“तुमच्याच आहेत तात्या, आईची शपथ,” मी म्हणालो. “शपथ नगं घिऊ,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून आपणहून गोदामात खोकी लावायला गेले.

तात्यांना जाऊन आता कैक वर्षं झाली. ते दुकानही राहिलं नाही. त्यांनी कधी मागितला नाही म्हणून तो गठ्ठा माझ्याकडंच राहिला. परवा घरी येऊन सुतळी सोडली. एक चिठ्ठी वगळली, तर त्यातला शब्द न् शब्द त्यांचा आहे. ज्याला ते पटवायचं राहिलं, तो माणूस गेला. आणि पुठ्ठ्यांकडं कितीही वेळ पाहिलं तरी सगळ्यांवर अक्षर एकच आहे, माझं.