वेचून काढलेली मूठ

हिंगणघाटच्या एका दालमिलमध्ये मी तेरा वर्षं तुरीची डाळ निवडली. हे सांगितलं की लोक म्हणतात, "बस, निवडायचंच फक्त?" हो, फक्त. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत, मांडी घालून, समोर सूप, आणि डोळे त्या पिवळ्या रंगावर. काळपट दाणा बाजूला, टरफल चिकटलेला बाजूला, किडका बाजूला, खडा तर सगळ्यांच्या आधी. ज्यांना हे 'फक्त' वाटतं त्यांनी एक दिवस बसून दाखवावं. दुपारपर्यंत त्यांना समोरची भिंतसुद्धा पिवळी दिसायला लागेल.

आम्ही अकरा जणी होतो. मी बारावी पास, म्हणून मुकादमीण. हजेरी माझ्याकडे, शेटजींचे निरोप माझ्याकडे, आणि दोन्हीकडच्या शिव्याही माझ्याकडेच. माझ्या शेजारी एक काकू बसायची. नात्याची नव्हे, वयाने काकू. दाणा शोधायचा नसतो, हे तिनेच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं. सूप हलवायचं, सगळ्या डाळीवर सैल नजर ठेवायची, वाईट दाणा आपणहून डोळ्यांत खुपतो. काकू विधवा होती. एकुलती एक मुलगी आंजीला दिलेली. जावई सतत बोलवायचा, पण त्या घराचं नाव काढलं तरी काकूचं डोकं फिरायचं. "जावयाच्या दारात भाकर खाण्यापरीस मी या सुपात मरीन," ती म्हणायची. हे काम होतं म्हणून तिची भाड्याची खोली होती, आणि खोली होती म्हणून आंजी टळत होती. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. मलाही होतं.

मग मशीन आली. कॅमेऱ्याची. शेटजींनी आम्हाला अंगणात उभं करून सांगितलं, "कोणाचं काम जाणार नाही. बायांना आराम पडेल." दुसऱ्या दिवशी मला एकटीला ऑफिसात बोलावलं, पंख्याखाली बसवलं, चहा दिला. "बाई, मशीनवर एक समझदार माणूस लागेल. तू राहशील." बाकी दहा जणींचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चहा मात्र पूर्ण प्याले.

मशीन बसवायला नागपूरहून एक इंजिनिअर आला होता. आमच्यातल्या कोणाकडे त्याने धड पाहिलंसुद्धा नाही, पण मला म्हणाला, "मॅडम, मशीनला शिकवायला सॅम्पल लागेल. चांगली डाळ एका परातीत, आणि खराब प्रत्येक जातीची वेगळी. एकदम शुद्ध पाहिजे, एक दाणाही इकडचा तिकडे नको." तेरा वर्षांत मला कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. मी फुगले. चार दिवस सगळ्या जणींना कामाला लावलं, आणि चांगल्या डाळीची परात माझ्या हाताखाली ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी काकू माझ्या कानाशी लागली.

"अवं, काऊन इतकं साफ करून राह्यली? चांगल्यात खराब मिसळून टाक ना. मशीन बावळट निघाली म्हणजे शेटजी वापस धाडते तिले."

"असं कसं, काकू? माह्या नावानं चालली परात."

"तुया नावानं!" काकू हसली. "नाव मशीनचं होते, बाई. तुयं नाई."

दुपारी सगळ्या जणी डबे घेऊन नळाकडे गेल्या. मी परातीवरचं फडकं उचललं. आत मूठभर काळपट डाळ मिसळलेली होती. एका जागी टाकलेली नव्हती, सगळ्या परातीत सारखी पसरवली होती. असं पसरवायला हात मुरलेला लागतो, आणि तसा हात आमच्यात एकच होता. मी फडकं परत टाकू शकले असते. कोणाच्या बापाला कळलं नसतं. इंजिनिअरला तूर आणि हरभऱ्याच्या डाळीतला फरक सांगता आला असता की नाही, याचीच मला शंका आहे.

मी डबा उघडलाच नाही. बसले आणि तो एकेक दाणा वेचून काढला. मिळणाऱ्या नोकरीसाठी काढला, की परातीत घाण राहिलेली मला पाहवत नव्हती म्हणून काढला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. दोन्हीसाठी. त्या फडक्याजवळ बसलेली तेव्हाची मी आठवले की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

डाळीचे फोटो काढले गेले. मशीन सुरू झाली. वरून डाळ सरसर घसरत येई, कॅमेरा पाही, आणि वाईट दाणा दिसला की हवेचा फटकारा त्याला बाजूला उडवून लावी. आम्हा अकरा जणींचं दिवसभराचं काम चहा होईपर्यंत संपलं. सगळ्या जणी खालच्या पेटीतली डाळ मुठीत घेऊन पाहत होत्या. काकू सगळ्यांत जास्त वेळ पाहत उभी होती. महिन्याच्या शेवटी दहा जणींना कामावरून काढताना एकेक स्टीलचा डबा आणि त्यात मशीनने निवडलेली किलोभर डाळ मिळाली. काकूने आपला डबा फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवला आणि निघून गेली. दिवाळीच्या आत खोली सोडून ती आंजीला गेल्याचं मला दुसरीकडून कळलं.

मी राहिले. एक हंगाम. बटण दाबायचं, काच पुसायची, पेटी भरली की हमालाला हाक मारायची. मग एक दिवस शेटजींनी मोबाईल दाखवला. इंजिनिअर आता नागपुरात बसूनच मशीन चालवत होता. "आता बटणही दाबावं लागत नाही बघ," शेटजी कौतुकाने म्हणाले, जणू त्यांच्या नातवाने पहिलं पाऊल टाकलं होतं. माझा डबा कपाटात तयारच होता. त्यात डाळसुद्धा भरलेली होती. तोंडाला पानं पुसायची तर माणसाने इतकी तयारी तरी ठेवावी.

त्यानंतर आम्हा बेकार बायकांसाठी एक शिबिर झालं. पडद्यावर चित्रं दाखवत एक साहेब सांगत होते, पुढे सगळी कामं मशीन करतील आणि माणसाला घरबसल्या पैसे मिळतील. तोवर नवीन काहीतरी शिका. मग आम्हाला अगरबत्ती वळायला शिकवली, जी गावोगाव मशीनवर निघते. मी उठून विचारलं, "घरबसल्या पैसे देणार कोण? शेटजी?" साहेब म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी चहा होता.

त्याच आठवड्यात मी आंजीला गेले. जावई ओट्यावर मोबाईल पाहत बसला होता. बस म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही. "म्हातारी मागं हाय," एवढंच बोलला. मागे शेळ्यांच्या गोठ्याला लागून पत्रा टाकलेला होता, त्याखाली काकूची बाज. तिच्यासमोर सूप होतं, आणि शेजारी घरच्या, अजून न निवडलेल्या तुरीच्या डाळीची अर्धी भरलेली पायली. मला पाहून तिने हात थांबवला नाही.

बसमध्ये मी खूप काही ठरवून आले होते. तोंडातून एवढंच निघालं, "काकू, तू मिसळलेली मूठ मी वेचून काढलती."

"मले माहीत हाय."

"कसं?"

"मशीन चालू झाली तवा पाह्यत होती ना मी. एकबी काळा दाणा खाली आला नाई." तिने सुपातला खडा उचलून गोठ्याकडे फेकला. "आमच्यापैकी कोणी तेवढं साफ करणारं नोयतं. तूच."

"मग तवाच बोलली काऊन नाई?"

तिने हात थांबवला. सूप माझ्याकडे सरकवलं. "निवड."

मी निवडायला बसले. ती बाजेवर बसून माझ्या बोटांकडे पाहत राहिली. घरात भांडं पडलं, जावई कोणावर तरी ओरडला, काकूने मान वळवली नाही. सूप स्वच्छ झालं तसं मी ते तिच्यापुढे धरलं, पूर्वी संध्याकाळी तपासायला ती माझ्यापुढे धरायची तसं.

तिने एकदा पाहिलं. मग सगळी निवडलेली डाळ त्या पायलीत परत ओतली, मनगटापर्यंत हात घालून तळापासून ढवळली, आणि सूप भरून पुन्हा माझ्यासमोर ठेवलं.

"आता पुन्हा निवड," ती म्हणाली. "तुले येते ना चांगलं."

मी सूप जवळ ओढलं.